तीन मालक, एक सेसना १७२ आणि ४४,८०० डॉलरचं इंजिन

हे प्रकरण आमच्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. कोणाची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत, पण आकडे आमच्या हिशोबाच्या शीटमधलेच आहेत, फक्त थोडे गोल केलेत. हिशोब माझ्याकडे होता त्यामुळे कुठल्या महिन्यात काय ठरलं आणि तेव्हा आमच्यासमोर कुठली माहिती होती हे मला बऱ्यापैकी नीट सांगता येईल. छोटं विमान घ्यायचा विचार करणारी मराठी मंडळी इथे कॅलिफोर्नियात आणि टेक्सासमधे बरीच भेटतात, प्रत्येकजण पहिला प्रश्न किमतीचा विचारतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

२०२१ चा उन्हाळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातले आम्ही चौघं, सगळ्यांकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स. एक बालरोगतज्ज्ञ, ज्यांना सगळे डॉक्टरच म्हणतो. एक काका, नुकतेच रिटायर झालेले, वय ६६, आमच्यात सगळ्यात जास्त तास त्यांचे. एक माझा जुना ऑफिसमधला मित्र, आणि मी. चौघंही फ्लाइंग क्लबमधून सेसना १७२ भाड्याने घ्यायचो, पेट्रोलसकट तासाला १९० डॉलरच्या आसपास पडायचे. पैशापेक्षा त्रास बुकिंगचा होता. शनिवार-रविवारचं विमान तीन तीन आठवडे आधी धरून ठेवायला लागायचं, आणि रात्रभर कुठे मुक्कामाला न्यायचं म्हटलं की क्लब रोजचे किमान तास लावायचा, मग तुम्ही उडवा नाहीतर नका उडवू.

काकांनी एका रविवारी पोहे खाता खाता विषय काढला की चौघांनी मिळून एक घेऊ. मी त्याच रात्री शीट बनवली. विमान ८० हजाराचं, चौघांत वीस-वीस हजार. वर्षाला २०० तास उडेल, म्हणजे माणशी पन्नास, आठवड्याला एक तास. पार्किंग, इन्शुरन्स, वर्षाची तपासणी, काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स आणि जीपीएसच्या डेटाबेसची वर्गणी मिळून वर्षाला ८,२०० डॉलर. दोनशे तासांवर वाटले तर तासाला ४१. त्यात पेट्रोल ५५, ऑइलचे पाच, इंजिनसाठी बाजूला टाकायचे १३. बेरीज ११४. भाड्यापेक्षा ७६ डॉलर कमी!

ती शीट मी आजही उघडून बघतो. तिच्यातला एकही दर फारसा चुकीचा नव्हता. चुकले ते तीन आकडे: माणसं चार, तास २००, आणि इंजिनचे १३.

मालक कोण होऊ शकतो

हा भाग आपल्या लोकांनी नीट वाचावा, कारण इथेच आमची शीट पहिल्यांदा मोडली.

एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे, विमान नोंदवायचं तर मालक अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. माझा मित्र एच-वन-बी व्हिसावर होता, त्यामुळे तो मालक म्हणून नोंदलाच जाऊ शकत नव्हता. ट्रस्ट करून, नागरिक असलेला ट्रस्टी नेमून मार्ग काढता येतो, पण त्याची सुरुवातीची आणि दरवर्षीची फी आमच्या ऐपतीच्या विमानाला परवडण्यासारखी नव्हती. तो बाजूला झाला. त्याला किती वाईट वाटलं ते मी पाहिलंय, उडण्यात तो आमच्यात सगळ्यात शिस्तीचा होता.

उरलो तिघं. काका आणि डॉक्टर नागरिक, मी ग्रीन कार्डवर. मग एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायचं ठरवलं तर तिथेही अडलं. एलएलसीच्या नावावर विमान नोंदवायचं तर मतदानाचे किमान ७५ टक्के हक्क नागरिकांच्या हातात पाहिजेत आणि ग्रीन कार्डवाला त्यात धरत नाहीत. आमच्या तिघांत नागरिकांचा वाटा दोन तृतीयांश. म्हणून शेवटी तिघांची नावं सह-मालक म्हणून सरळ लावली. नोंदणीची फी फक्त पाच डॉलर. पण याचा अर्थ असा की मधे कंपनी नाही, काही झालं तर तिघांच्या घरापर्यंत दावा येऊ शकतो. घराच्या अम्ब्रेला पॉलिसीत (मोठ्या दाव्यांसाठीच्या जादा विम्यात) विमान साधारणपणे वगळलेलं असतं, माझ्याही पॉलिसीत तसंच होतं. म्हणजे सगळी भिस्त विमानाच्या इन्शुरन्सवर: एका अपघाताला दहा लाख डॉलरपर्यंत, पण त्यात प्रवाशामागे फक्त एक लाखाची मर्यादा. ही मर्यादा पॉलिसीत छोट्या अक्षरात असते आणि आपण बायको-मुलांना, मित्रांना बसवणार असतो, म्हणून ती ओळ आधी शोधा.

इथे थांबून शीट तिघांसाठी परत करायला हवी होती. मी केली, पण फक्त खरेदीचा भाग बदलला. तास २०० चेच ठेवले. प्रत्येकाला आठवड्याला एकाऐवजी एक तास वीस मिनिटं उडायला लागेल हे कोणी मोठ्याने बोललंच नाही.

विमानाची निवड

१९७५ चं सेसना १७२ एम. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवर. हे निवडण्यामागे एक पक्कं कारण होतं आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो. सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून तिच्या दोन्ही विमानतळांवर, म्हणजे रीड-हिलव्ह्यू आणि सॅन मार्टिनला, शिसं असलेलं १००एलएल पेट्रोल विकणं बंद करायचं ठरवलं होतं. आमची जागा तिथलीच. तिथे मिळणार होतं बिनशिशाचं यूएल९४, आणि ते कमी कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमधे इंधन-हवा कमी दाबणाऱ्या, इंजिनांनाच चालतं. ई२डी त्यात बसतं, परवानगीचा कागद शंभर डॉलरला मिळाला. यूएल९४ न चालणारं, जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन घेतलं असतं तर पेट्रोलसाठी दरवेळी दुसऱ्या विमानतळावर जायला लागलं असतं. एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप कळवत राहणारं यंत्र) आधीच बसवलेलं होतं तेही बघून घेतलं, कारण २०२० पासून त्याशिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास उडता येत नाही.

किंमत ७८,००० डॉलर. पुण्याला आईला फोनवर सांगितलं तर तिने लगेच रुपयात विचारलं, तेव्हाच्या भावाने अठ्ठावन्न लाखाच्या वर. तिचा पुढचा प्रश्न होता, "आणि चालवायचा खर्च?" मी म्हणालो, गाडीपेक्षा थोडा जास्त. हे उत्तर मी तिला देताना मला स्वतःला खरं वाटत होतं.

खरेदीआधीची तपासणी, आणि न काढलेला सिलिंडर

विमान ओरेगनला होतं. मालक वयस्कर, तब्येतीमुळे उडणं जवळजवळ थांबलेलं. शेवटच्या चार वर्षांत लॉगबुकात ३८ तास. इंजिनचं ओव्हरहॉल (सगळं उघडून, झिजलेले भाग बदलून परत जुळवणं) १९९९ चं आणि त्यानंतर १,०५० तास झालेले.

मी ते असं वाचलं: लायकॉमिंग या इंजिनला २,००० तासांनी ओव्हरहॉल सुचवते, १,०५० झालेत, म्हणजे अर्धं आयुष्य शिल्लक. लायकॉमिंग त्याच पत्रकात बारा वर्षांची मर्यादाही सांगते, पण खाजगी वापराला ती बंधनकारक नसते म्हणून मी ती सोडून दिली. बावीस वर्षं झालेली होती.

तिथल्या एका मेकॅनिकला प्री-बाय तपासणी दिली. त्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, ८० पैकी ७६, ७४, ७५, ७२, म्हणजे उत्तम. बोरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, व्हॉल्व्ह बघितले, ठीक. मग तो फोनवर म्हणाला की हे इंजिन खूप वर्षं नुसतं उभं आहे, मला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बघावासा वाटतो, पण त्यासाठी एक सिलिंडर काढायला लागेल.

याचं कारण त्याने समजावलं ते असं. लायकॉमिंगमधे कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, क्रँकशाफ्टच्या वर. इंजिन बंद झालं की ऑइल खाली निथळतं, काही आठवड्यांत कॅमच्या लोबवर (दांड्यावरच्या उंचवट्यांवर) ऑइलचा थर राहत नाही, दमट हवेत त्यावर बारीक गंज धरतो. परत चालू केलं की टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) त्या गंजलेल्या जागेवर घासतात आणि वरचा कडक पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. कॉम्प्रेशनला यातलं काहीच दिसत नाही कारण कॉम्प्रेशन रिंग आणि व्हॉल्व्हबद्दल सांगतं, कॅमबद्दल नाही.

विकणाऱ्याने सिलिंडर काढू द्यायला नकार दिला. त्याची बाजूही समजण्यासारखी होती, परक्या माणसाने आपल्या चालू इंजिनचा सिलिंडर उघडायचा आणि मग गिऱ्हाईक गेलं तर? शिवाय २०२१ मधे बाजार इतका तापलेला होता की चांगली १७२ आठवडाभरसुद्धा टिकत नव्हती. रांगेत अजून दोघं होते.

आमच्यासमोर तीन रस्ते होते. सोडून द्यायचं. किंवा इंजिन संपलंय असं धरून किंमत पंधरा-वीस हजाराने कमी मागायची. किंवा आहे तसं घ्यायचं. काका म्हणाले, "सोडून देऊ, दुसरं मिळेल." मी आणि डॉक्टर म्हणालो की कॉम्प्रेशन इतकं चांगलं आहे. दोनास एक. घेतलं.

टायटल सर्च आणि एस्क्रो (व्यवहार होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवणं) मात्र व्यवस्थित केलं, विमानावर कोणाचं कर्ज किंवा लीन नाही याची ओक्लाहोमा सिटीच्या एफएए नोंदींमधून खात्री केली. तपासणी, प्रवास आणि कागदपत्रं मिळून २,३०० डॉलर. काही महिन्यांनी राज्याच्या कर खात्याचं पत्र आलं, बाहेरच्या राज्यातून विमान आणलंय तर यूज टॅक्स भरा, सव्वानऊ टक्क्यांच्या जरा आत, ७,११८ डॉलर. हे माहीत होतं, पण शीटमधे 'किरकोळ'च्या रकान्यात होतं.

पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षी विमान ९६ तास उडालं. काका ५१, मी ३०, डॉक्टर १५. दुसऱ्या वर्षी एकूण ६१. डॉक्टरांच्या दवाखान्यात माणसं कमी होती, वीकेंडला ड्युट्या लागायच्या. माझ्याकडे दुसरं बाळ आलं. काका एकटे नेमाने जायचे पण त्यांचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत विमान पाच आठवडे सलग हललं नाही. पार्किंग उघड्यावरचं, टाय-डाउन, म्हणजे दोरांनी बांधून ठेवायचं, महिना १८० डॉलर. हँगरच्या यादीत नाव होतं पण नंबर लागायला वर्षं जातात. खाडीची सकाळची ओली हवा रोज अंगावर.

मी एकदा शनिवारी नुसतंच जाऊन इंजिन दहा मिनिटं चालू करून आलो, वाटलं तेवढंच ऑइल फिरेल. मेकॅनिकने नंतर सांगितलं की हे सगळ्यात वाईट. जमिनीवर दहा मिनिटांत ऑइल पुरेसं तापत नाही, उलट ज्वलनातलं पाणी आत साठतं. १८० फॅरनहाइटच्या आसपास अर्धा-पाऊण तास, म्हणजे प्रत्यक्ष उडूनच, ते पाणी निघून जातं.

पहिल्या अ‍ॅन्युअलला (वर्षाच्या तपासणीला) शीटमधे २,००० धरले होते, बिल आलं ५,९००. मॅग्नेटोचं (इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) ५०० तासांचं काम राहिलेलं, मफलरला तडा, आणि सेसनाच्या सीटच्या रुळांबद्दल एफएएचा जो कायमचा आदेश आहे त्यात एक रूळ झिजलेला निघाला. जवळजवळ पन्नास वर्षांच्या विमानाला हे सगळं होणारच, यात कोणाची चूक नाही. पण त्या बिलानंतर डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, "मी पंधरा तास उडलो, माझ्या वाट्याला हे एवढे?" खरा प्रश्न होता. आमचा करार होता की कायमचा खर्च तिघांत समान आणि पेट्रोल ज्याचं त्याने. न उडणाऱ्याला तो जड जातोच.

तेव्हाही इंजिनच्या फंडाबद्दल बोललो नाही. तासाला १३ डॉलर, दोन वर्षांत १५७ तास, फंडात २,०४१ डॉलर.

त्या १३ चा हिशोब असा होता: ओव्हरहॉल २६,००० चं, भागिले २,००० तास. पण आम्ही घेतलेल्या इंजिनात २,००० उरलेच नव्हते, ९५० उरले होते. आधीच्या मालकाने जाळलेले १,०५० तास आमच्याच खिशातून भरून निघणार होते. म्हणजे तासाला २७ तरी हवे होते. आणि हे इंजिन तासांनी नाही तर वर्षांनी मरणार होतं, त्यामुळे तासावर काहीही धरलं तरी अपुरंच. महिन्याला ठराविक रक्कम टाकायला हवी होती, विमान उडो न उडो.

ऑक्टोबर २०२३: फिल्टर

दुसऱ्या अ‍ॅन्युअलला मी स्वतः हजर होतो. मेकॅनिकने ऑइल फिल्टरचा डबा गोल कापला, आतला घड्या घातलेला कागद सुट्टा केला, बेंचवर उलगडून उन्हात धरला. घड्यांमधे बारीक चमक, दिवाळीतल्या रांगोळीच्या चमकीसारखी. त्याने एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवला आणि पिशवी उलटी केली तर काळपट चकत्या चिकटून आलेल्या, काही तर तांदळाच्या कणीएवढ्या. चुंबकाला चिकटलं म्हणजे पोलाद, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम नाही. तो काही बोलला नाही, फक्त दुसरा हातमोजा घातला.

दोन दिवसांनी एक सिलिंडर काढला. टॅपेटचा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा, कॅमच्या लोबची कड गोल झालेली. मी त्यावरून नख फिरवलं, नख अडकलं. ओरेगनच्या मेकॅनिकला जे बघायचं होतं ते हेच होतं.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "इन्शुरन्स देईल ना?" नाही देत. इन्शुरन्स अपघाताचा असतो. झीज, गंज, म्हातारपण यातलं काहीच त्यात येत नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्याहून जास्त लोकांना हे माहीत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

पर्याय

आम्ही काकांच्या घरी बसलो. टेबलावर काय काय होतं ते सांगतो.

आहे तसं विकून टाकायचं. दोन ठिकाणांहून भाव आले, ४६,००० आणि ५०,०००.

कारखान्यातून नव्यासारखं करून दिलेलं इंजिन, आमचं जुनं परत देऊन ४७,००० च्या आसपास, बसवायचे वेगळे. याचा फायदा म्हणजे लॉगबुक शून्य तासांपासून सुरू होतं, असं लिहून देण्याचा अधिकार फक्त उत्पादकाला किंवा त्याने मान्यता दिलेल्या संस्थेलाच असतो. पण ते कधी मिळेल याची तारीख कोणी देत नव्हतं.

बाहेरच्या इंजिन शॉपकडून ओव्हरहॉल, ३१,०००, शॉपच्या अंदाजाने आठ-नऊ महिने.

फक्त कॅम आणि टॅपेट बदलायचे, १७,०००. हे मला फार मोहात टाकत होतं. काकांनी विचारलं की त्यासाठी इंजिनचे दोन्ही अर्धे वेगळे करायलाच लागणार ना? लागणारच. मग आत २४ वर्षांच्या जुन्या बेअरिंग बघून परत तशाच बसवायच्या? आणि कॅमची पोलादी कणी इतके दिवस ऑइलबरोबर सगळीकडे फिरलीय, तिचं काय? एवढं करूनही पुस्तकात इंजिन १,२०७ तासांचंच राहणार, विकताना त्याची किंमत शून्य. हा पर्याय आम्ही वीस मिनिटांत सोडला आणि त्याबद्दल मला आजपर्यंत शंका आलेली नाही.

पडलेल्या विमानातलं वापरलेलं इंजिन घ्यायचा पर्यायही एकाने सुचवला होता. त्याचा इतिहास कोण तपासणार? म्हणून नको.

मी आणि काका ओव्हरहॉलच्या बाजूने. डॉक्टर म्हणाले विका. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी दोन वर्षांत बावीस तास उडलोय. मला अजून दहा-पंधरा हजार यात घालायचे नाहीत. तुम्ही ठेवा, पण माझे पैसे द्या." त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

डॉक्टरांचा वाटा

आमच्या करारात याबद्दल एकच ओळ होती: कोणी बाहेर पडला तर बाकीचे त्याचा वाटा चालू बाजारभावाने घेतील. चालू बाजारभाव कशाचा? इंजिन मेलेल्या विमानाचा, की चालत्या? डॉक्टरांचं म्हणणं, मी ७८ हजाराचं विमान घेतलं, आता बाजार चढलाय, माझा वाटा २६ तरी आहे. माझं म्हणणं, आत्ता उद्या विकलं तर ४८ येतील, एक तृतीयांश सोळा. तीन आठवडे आमचं फोनवर बोलणं फार कोरडं झालं. आमच्या मुलांना ते तपासायचे, त्या महिन्यात माझ्या मुलीला ताप आला तर मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

काकांनी सोडवलं. ते दोघांकडे वेगवेगळे गेले, आणि म्हणाले की विमान आज जसं आहे तसं बाहेरचा माणूस जो भाव देतोय तोच भाव, पण जानेवारीपासूनचा पार्किंगचा, इन्शुरन्सचा एकही डॉलर डॉक्टरांकडून मागायचा नाही. दोन भावांची सरासरी ४८,०००, एक तृतीयांश १६,०००. आम्ही दोघांनी आठ-आठ हजार दिले. विक्रीचा कागद झाला, नोंदणी आमच्या दोघांच्या नावावर नव्याने केली. डॉक्टरांनी २६,००० आणि टॅक्सचे २,३७३ घातले होते, परत आले सोळा. करार करताना याबद्दल अजून एक ओळ लिहायला अर्धा तास दिला असता तर हे तीन आठवडे वाचले असते.

काय केलं आणि किती लागले

इंजिन नोव्हेंबरमधे निघालं. शॉपमधे उघडल्यावर क्रँककेसला (इंजिनच्या मुख्य कवचाला) तडा सापडला, त्याचे ४,६०० वाढले. काढणं, बसवणं, नवे होस आणि इंजिन माउंटचे रबर ६,२००. ऑइल कूलर धुऊन धातू पूर्ण निघत नाही म्हणून नवा, १,९००. इंजिन बाहेर आहेच तर प्रोपेलरही करून घेतला, १,१००. एकूण ४४,८००. फंडातले २,०४१ वजा जाता माणशी २१,३८०. काकांनी बचतीतून दिले. मी घरावर क्रेडिट लाइन काढली, नऊ टक्क्याच्या आसपास व्याज, आणि बायकोशी त्याबद्दल जे बोलणं झालं ते विमान घ्यायच्या आधी व्हायला हवं होतं.

नऊ महिने विमान प्रॉपशिवाय, नाक उघडं पडलेलं, दोरांना बांधून उभं. पार्किंग चालूच. इन्शुरन्सचा पूर्ण हप्ताही चालू होता, चार महिन्यांनी ब्रोकर सहज म्हणाला की उडत नसेल तर जमिनीवरचाच विमा ठेवता येतो, हप्ता कमी होतो. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं.

ऑगस्ट २०२४ मधे परत उडालं. नव्या सिलिंडरच्या रिंगा बसेपर्यंत साधं मिनरल ऑइल, जास्त पॉवर, टच-अँड-गो (उतरून लगेच परत उडणं) बंद. त्या काळात शॉपने शिसंवालं पेट्रोल वापरायला सांगितलं, म्हणून भरायला शेजारच्या विमानतळावर जायचो. यूएल९४ बद्दल मी स्वतः जरा सावध झालो होतो, कारण २०२३ मधे नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीने आपल्या ताफ्यात ते सुरू करून काही महिन्यांतच व्हॉल्व्ह सीट झिजतात म्हणून थांबवलं होतं. आता आम्ही दर अ‍ॅन्युअलला व्हॉल्व्हची मापं लिहून ठेवतो.

तीन वर्षांचा हिशोब

ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२४. विमानाची किंमत सोडून झालेला खर्च ९२,७०० डॉलर, त्यात पेट्रोल फक्त १०,७००. उडालेले तास १८८. तासाला ४९३. इंजिन नवं झाल्यामुळे विमानाची किंमत आता एक लाखाच्या घरात आहे, म्हणजे ७८ पेक्षा २२ हजार जास्त, ते वजा केले तरी तासाला ३७६. तेवढेच तास क्लबचं विमान १९० ने घेतलं असतं तर ३५,७०० लागले असते.

वेगळं काय केलं असतं

सिलिंडर काढू देत नसेल तर इंजिनची किंमत शून्य धरून भाव मागितला असता, आणि नाही म्हणाला तर काकांचं ऐकून परत आलो असतो. विमान घेतलं त्याच दिवशी ओव्हरहॉलचे निम्मे पैसे बँकेत वेगळे ठेवले असते, ते नसते जमले तर विमान घ्यायची आमची ऐपत नव्हती असाच त्याचा अर्थ. आणि तास २०० ऐवजी आदल्या वर्षीच्या क्लबच्या बिलांवरून धरले असते. ती बिलं माझ्या मेलमधे होती: तिघांचे मिळून १०४ तास.

फेब्रुवारी २०२५ मधे तिसरी भागीदार आली, एक तरुण इंजिनिअर मुलगी, नागरिक. एक लाख धरून तिने ३३,३०० दिले. तिने आमची सगळी बिलं मागून वाचली, मग फिल्टरचे फोटो मागितले, मग आली. करार आता नऊ पानांचा आहे. महिन्याला प्रत्येकी १०० डॉलर आणि वर तासाला २५ इंजिन फंडात. विमान दहा दिवसांपेक्षा जास्त उभं राहिलं की ज्याची पाळी असेल त्याने जायचं, नाही जमलं तर मेसेज टाकायचा. बाहेर पडणाऱ्याचा भाव कसा काढायचा याचं अख्खं एक पान, चालू इंजिनचा वेगळा, बंद इंजिनचा वेगळा. विम्यातली विमानाची किंमतही ७८ वरून एक लाखावर नेली, तीही तिनेच दाखवून दिली, आमच्या लक्षातच नव्हती.

यंदा काका सत्तरीचे झाले. या वयानंतर हप्ता चढतो, काही विमा कंपन्या नवीन घेतही नाहीत. गेल्या महिन्यात ते स्वतः म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा हप्ता वाढला तर वाढीव भाग माझा, हे लिहून घ्या." मी म्हणालो काका, राहू दे. त्यांनी पेन पुढे केलं. ती ओळ आता सातव्या पानावर आहे, खाली त्यांची सही.